वेगवेगळ्या काळांतील कसोटी फलंदाजांची आकड्यांवरून तुलना कशी करावी

सुनील गावसकर यांची कसोटी सरासरी 51.12 आहे आणि सचिन तेंडुलकर यांची 53.78. या दोन आकड्यांची वजाबाकी करून सचिन अडीच धावांनी सरस ठरतो असे म्हणणे सोपे आहे, परंतु 1971 मधली एक धाव आणि 2009 मधली एक धाव सारख्याच किमतीची होती असे त्यात गृहीत धरलेले असते. रुपयाच्या बाबतीत आपण असे कधी करत नाही. आजोबांचा पगार आणि नातवाचा पगार ताडून पाहताना त्या त्या वेळचे भाव आधी विचारतो. फलंदाजांची तुलनाही याच रीतीने करावी लागते. त्यासाठी धावफलक, कागद आणि साधा भागाकार पुरेसा आहे.

पहिली पायरी : कच्चे आकडे नीट मांडणे

प्रत्येक फलंदाजासाठी डाव, नाबाद डाव, एकूण धावा आणि कारकिर्दीची वर्षे लिहून घ्यावीत. सरासरी काढताना धावांना डावांनी नव्हे, तर बाद झालेल्या डावांनी भागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण त्याचा परिणाम किती होतो याकडे दुर्लक्ष होते. स्टीव्ह वॉ 260 डावांत 46 वेळा नाबाद राहिला. त्याची सरासरी 51.06 असली तरी प्रत्येक डावामागे धावा 42.03 पडतात. ब्रायन लारा 232 डावांत केवळ 6 वेळा नाबाद होता, त्यामुळे त्याची 52.88 ही सरासरी आणि डावामागच्या 51.52 धावा जवळजवळ सारख्याच आहेत. यावरून वॉ कमी प्रतीचा ठरत नाही. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळणाऱ्याचे साथीदारच संपून जातात. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवावेत आणि शक्यतो सलामीवीराची तुलना सलामीवीराशी करावी.

दुसरी पायरी : धावेचा त्या वेळचा भाव काढणे

सगळ्या हिशेबाचे मर्म या पायरीत आहे. एखाद्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून केलेल्या धावांना पडलेल्या एकूण बळींनी भागले, की त्या सामन्यात एका बळीमागे किती धावा मिळत होत्या ते कळते.

मार्च 1987 मधली भारत-पाकिस्तान बंगळूर कसोटी घेऊ. पाकिस्तान 116 आणि 249, भारत 145 आणि 204. चाळीसही बळी पडले आणि धावा झाल्या 714, म्हणजे बळीमागे 17.85. त्या फिरकीच्या आखाड्यावर गावसकर यांनी आपल्या अखेरच्या कसोटी डावात 96 धावा केल्या. आता नोव्हेंबर 2009 मधली भारत-श्रीलंका अहमदाबाद कसोटी पाहू. भारत 426, श्रीलंका 7 बाद 760, भारत पुन्हा 4 बाद 412. म्हणजे 21 बळींमागे 1598 धावा आणि भाव 76.10. या सामन्यात महेला जयवर्धने याने 275 धावा केल्या. आता भागाकार करावा : 275 ही त्या सामन्याच्या भावाच्या 3.6 पट आहे, तर 96 ही 5.4 पट. शतकांच्या यादीत ज्या डावाची नोंदच होत नाही, तो या मापाने त्रिशतकाजवळ पोहोचलेल्या खेळीपेक्षा बराच मोठा ठरतो.

संपूर्ण कारकिर्दीसाठी हेच करायचे असेल, तर त्या फलंदाजाने खेळलेल्या सर्व कसोटींची बेरीज घ्यावी, त्यातून त्याच्या स्वतःच्या धावा आणि बाद होणे वजा करावे, आणि जमल्यास फक्त पहिल्या सहा क्रमांकांच्या फलंदाजांचाच भाव काढावा, कारण तळाच्या गोलंदाजांमुळे आकडा उगाच खाली येतो. काम कंटाळवाणे आहे, पण 1937 मध्ये बदललेला पायचीतचा नियम, पावसात उघड्या राहणाऱ्या जुन्या खेळपट्ट्या, नंतर आलेले हेल्मेट या सगळ्यांचा परिणाम त्या भावात आपोआप उतरतो आणि प्रत्येकासाठी अंदाजाने गुण कापत बसावे लागत नाही.

तिसरी पायरी : प्रतिस्पर्धी तपासणे

अॅडम व्होजेसची 61.87 ही सरासरी ग्रॅमी पोलॉकच्या 60.97 पेक्षा अधिक आहे. मात्र व्होजेसने वेस्ट इंडीजविरुद्ध एकदाच बाद होऊन 542 धावा केल्या. त्या वगळल्या तर उरतात 23 वेळा बाद होऊन 943 धावा, म्हणजे सरासरी 41. हीच चाळणी डॉन ब्रॅडमन यांना लावून पाहावी. 1947-48 मध्ये भारताविरुद्ध त्यांची सरासरी 178.75 होती, पण केवळ इंग्लंडविरुद्धच्या 37 कसोटी धरल्या तरी ती 89.78 राहते. 1932-33 च्या बॉडीलाइन मालिकेत, म्हणजे इंग्लंडच्या वेगवान गोलंदाजांनी फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने मारा केला त्या मालिकेत, ती 56.57 वर आली, आणि त्यांचा हा पडता काळ इतर थोरांच्या उत्तम कारकिर्दीशी बरोबरी करतो!

संघाच्या नावावर मात्र विसंबू नये. गावसकर यांची वेस्ट इंडीजविरुद्ध 13 शतके आहेत, हे आपण मराठी माणसे मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यांतली चार 1971 मधली, म्हणजे त्या संघाची वेगवान गोलंदाजांची चौकडी जमण्यापूर्वीची, आणि चार 1978-79 मधली आहेत, जेव्हा केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीने भरवलेल्या खासगी क्रिकेट स्पर्धेमुळे त्या संघातले प्रमुख खेळाडू आलेच नव्हते. उरलेली पाचही थोडी नाहीत. पण तुलना करताना तेरांचा आकडा एकगठ्ठा वापरू नये. मायदेश आणि परदेश अशी विभागणीही याच वेळी करून घ्यावी.

चौथी पायरी : आकडा किती भक्कम आहे ते पाहणे

विजय मर्चंट 1933 ते 1951 या काळात, मध्ये महायुद्ध येऊन गेल्यामुळे, अवघ्या 10 कसोटी खेळले. 18 डावांत 859 धावा, सरासरी 47.72. शेवटच्या डावात त्यांनी दिल्लीला 154 धावा केल्या. त्याआधी त्यांची सरासरी 41.47 होती, म्हणजे एका डावाने ती सहा धावांनी वर गेली. तेंडुलकर यांच्या 329 डावांत आणखी एका 154 ची भर घातली, तर 53.78 चे जेमतेम 54.12 होतात. त्यामुळे मर्चंट यांच्यापुढे एकच आकडा न लिहिता चाळीस ते पन्नास असा पल्ला लिहावा आणि शेजारच्या रकान्यात, कसोटीच्या आकड्यात न मिसळता, त्यांची प्रथम श्रेणीतील 71.64 ही सरासरी नोंदवावी.