संहिता हातात आली, आता पात्र वाचायचं कसं?

संहिता हातात पडली की बहुतेक गट त्याच संध्याकाळी भूमिका वाटतात आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून तालमीला लागतात. स्पर्धेची तारीख जवळ आलेली असते, सांगलीत भावे नाट्यमंदिरात प्रयोग करायचा असतो, तेव्हा ही घाई समजण्यासारखी आहे. तरीही पहिले पाच-सहा दिवस बसून वाचनाला द्याच. अर्थ लागायच्या आधी हालचाली बसल्या की नट त्या हालचालींनाच पात्र समजायला लागतो. मग शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शकाने एक जागा बदलली तरी अख्खा प्रवेश विस्कटतो. नाटक अभ्यासाला असलेल्या विद्यार्थ्यांना आणि चित्रपटावर लिहू पाहणाऱ्यांनाही हीच पद्धत चालते, फक्त पुढे कॅमेऱ्याची भर पडते.

पात्र स्वतःबद्दल काय बोलतं याला पहिला मान देऊ नका. ते काय करतं, काय करायचं टाळतं आणि त्याच्या करण्याची किंमत शेवटी कोण मोजतं, हे आधी शोधा.

वाचन

पहिलं वाचन एका बैठकीत, पेन्सिल न घेता. संपल्याबरोबर चार गोष्टी लिहून ठेवा : कोणाची काळजी वाटली, कुठे कंटाळा आला, कुठे काही कळलं नाही, शेवट पटला का. प्रेक्षक नाटक एकदाच बघणार असतो आणि त्याच्या जागेवर बसायची संधी तुम्हाला या एकाच वाचनात मिळते. दहा वाचनं झाल्यावर न कळलेली जागा कळल्यासारखी वाटायला लागते. खरं तर ती पाठ झालेली असते.

दुसऱ्या वाचनाला वही लागते. प्रत्येक पात्राला समोरासमोरची दोन पानं द्या आणि चार रकाने पाडा : ते स्वतःबद्दल काय म्हणतं, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, ते प्रत्यक्ष काय करतं, काय टाळतं. प्रत्येक नोंदीपुढे संहितेचा पान क्रमांक हवाच. दुसऱ्या रकान्यात समोर काय म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात हे वेगळं लिहा. ‘तो फार प्रामाणिक आहे’ हे त्याच्या बायकोने पाहुण्यांसमोर म्हटलं असेल तर त्यातून बायको कळते, नवरा अजून कळलेला नसतो. नवशिके नेमके इथे फसतात. एका पात्राने दुसऱ्याला दिलेलं प्रमाणपत्र ते लेखकाचं मत म्हणून उतरवून घेतात.

तिसरं वाचन मोठ्याने, सगळ्यांनी मिळून, भूमिका अदलून बदलून. कान जे पकडतो ते डोळा सोडून देतो.

एक छोटा प्रवेश उघडून

समजा संहितेत असे संवाद आहेत. शेतीच्या हक्कसोड पत्रावर बहिणीची सही हवी आहे, एवढं प्रेक्षकाला आधीच्या प्रवेशातून माहीत आहे.

भाऊ : ताई, चहा घे ना. गार होतोय.
ताई : आधी ते कागद बाजूला कर. सांडेल त्यांच्यावर.
भाऊ : राहू दे गं. झेरॉक्स आहे ती.
ताई : म्हणजे मूळ कागद तयार आहे.
भाऊ : (थांबून) भाऊजी येणार होते ना?
ताई : साखर किती घातलीयस.

जमिनीचा शब्दही कोणी काढलेला नाही. आता प्रत्येक वाक्यापुढे, बोलणाऱ्याला समोरच्याकडून काय हवंय ते क्रियापदात लिहा. ‘भाऊ अवघडलेला आहे’ ही नोंद नटाच्या कामाची नाही, कारण अवघडलेपण करता येत नाही. ‘भावाला सही घ्यायचीय, पण ती मागावी लागू नये असं वाटतंय’ ही नोंद खेळता येते. ताईला सही टाळायचीय असं घाईने लिहू नका. ती कागदांचा विषय स्वतःहून काढते, म्हणजे त्याने तोंडाने मागावं असं तिला वाटत असण्याची शक्यता जास्त.

‘झेरॉक्स’ ही या प्रवेशातली कळीची जागा. भाऊ धीर द्यायला जातो आणि मूळ कागद तयार असल्याचं त्याच्याच तोंडून निघून जातं. इथे पेन्सिलीने आडवी रेघ मारा, कारण इथून दोघांची गरज बदलते. दिग्दर्शक हालचाल बदलतो तीही अशाच रेघेपाशी बदलायला हवी. पुढे भाऊ भाऊजींचं नाव काढतो त्याचे दोन अर्थ होतात : भाऊजी असते तर बोलणं सोपं गेलं असतं, किंवा ते नाहीत तोवर उरकून घ्यावं. शेवटचं साखरेचं वाक्य तर तीन तऱ्हांनी म्हणता येईल. त्यातली कोणती खरी हे या सहा ओळी सांगणार नाहीत. ते संहितेत पुढे ती सही करते का, कोणासमोर करते, यावर ठरेल. तोवर तिन्ही अर्थ वहीत राहू द्या.

याच प्रवेशात पुढे कुठे ताई ‘तुम्ही ठरवलंतच ना सगळं’ म्हणाली तर लगेच खूण करा. आतापर्यंत ‘तू’ म्हणणारी बहीण ‘तुम्ही’वर आली, म्हणजे तिने भावाच्या शेजारी वहिनीला आणि कदाचित आईलाही उभं केलं. मराठी संहितेत नातं सरकल्याची सगळ्यात भरवशाची खूण हीच : तू, तुम्ही, आपण, नाव घेऊन, नाव टाळून. प्रत्येक जोडीसाठी या बदलांची वेगळी यादी करा. तीच गोष्ट बोलीची. सातारा-सांगलीकडची बोली कोणाच्या तोंडी दिली आहे आणि प्रमाण मराठी कोणाच्या, हे मांडून बघा. गडी, आजी आणि विनोदी पात्र एवढ्यांनाच बोली मिळाली असेल, तर ती नोंद आशयाच्या पानावर जायला हवी.

विषय वेगळा, आशय वेगळा

विषय एका शब्दात सांगता येतो : हुंडा, सूड, स्थलांतर. आशयाला पूर्ण वाक्य लागतं आणि ते वाक्य कथानकानेच सिद्ध करावं लागतं.

गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांचं ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आलं. विषय विचारला तर कोणीही सांगेल, जरठ-बाला विवाह. आशय म्हणून ‘पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देणं वाईट’ असं लिहिलं तर चूक नाही, पण तेवढं नाटकातली पात्रंच सांगतात. आता पात्रांच्या गरजा मांडा. शारदेच्या बापाला, कांचनभटाला, पैसा हवा, म्हाताऱ्या भुजंगनाथाला बायको हवी, भद्रेश्वर दीक्षिताला मध्यस्थीत हात मारायचाय, तरुण कोदंडाला हे लग्न मोडायचंय. मग विचारा की लग्न नेमकं कशाने मोडतं? शारदा नको म्हणते म्हणून ते मोडत नाही. वधू-वर सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे, असल्याचं पुढे येतं म्हणून मोडतं. त्यानंतर अधांतरी लटकलेली शारदा जीव द्यायला निघते, आणि कोदंडाशी तिचं लग्न होतं तेही शंकराचार्यांचा निर्णय आल्यावर. एवढं मांडलं की वाक्य बदलतं : जिथे मुलीच्या नकाराला वजन नाही, तिथे तिला सोडवायलाही शास्त्राचाच आधार शोधावा लागतो. हे वाक्य संहितेतल्या कोणाच्याही तोंडी नाही, तरी सगळं कथानक त्याला धरून चालतं. हे पाहून देवलांना आजच्या मापाने मागासलेले ठरवण्याची घाई करू नका. त्यांच्या प्रेक्षकांत कोणता युक्तिवाद चालत होता, हे यातून कळतं.

वाक्य तपासायचं ते शेवट बदलून. सगोत्राची अडचण काढून टाका आणि शारदेने मांडवात स्वतः नकार दिला असं समजा. तुमचं वाक्य तरीही जसंच्या तसं लागू पडत असेल, तर ते या नाटकाचं नाही. ते कोणत्याही नाटकाला चिकटेल इतकं सैल आहे.

रूपक वाचताना जास्त जपावं लागतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचाही जन्म सांगलीचा. त्यांच्या 1907 मधल्या ‘कीचकवध’वर सरकारने 1910 मध्ये बंदी घातली, कारण कीचकात लोकांना माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. हे वाचन टिकतं, कारण ते एका पात्रावर उभं नाही. सैरंध्री झालेल्या द्रौपदीचा अपमान, कंकभट झालेल्या युधिष्ठिराची सबुरी, बल्लव झालेल्या भीमाचा उतावीळपणा आणि शेवटचा वध हे सगळं मवाळ-जहाल वादाशी जागोजागी जुळतं. किमान तीन स्वतंत्र जागा जुळल्याशिवाय रूपक जाहीर करू नये. शिवाय रूपक बाजूला ठेवलं तरी गोष्ट उभी राहते का, तेही बघायचं. विराटाच्या दरबाराची गोष्ट तशीच्या तशी उभी राहते. प्रतीकांनाही हाच नियम लावा. खिडकी एकदा उघडली तर वारा हवा असेल. तीन वेळा, तीही प्रत्येक वेळी त्याच पात्राने उघडली तर नोंद करा.

चित्रपट आणि मालिका

चित्रपट एकदा सलग बघा. मग महत्त्वाचे दोन-तीन प्रवेश आवाज बंद करून बघा आणि तेच पुन्हा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. आवाज बंद असताना कॅमेरा कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे, चौकटीत एकटं कोण आहे, बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा किती वेळ दाखवलाय, हे दिसतं. नुसतं ऐकताना कळतं की दुःख संवादात आहे की बासरीत. पार्श्वसंगीत काढल्यावर प्रवेश कोरडा पडला, तर पात्राचं दुःख लिहिलेलंच नाही, वाजवलेलं आहे. गाण्याला एकच प्रश्न विचारा : गाणं सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, परिस्थितीत काय बदललं?

आपल्याकडच्या प्रेक्षकाने एक गोष्ट खास सांभाळावी. वाई-मेणवलीचा घाट इतक्या चित्रपटांत आलाय की तो दिसताच मन साताऱ्यात जातं. 2004 च्या ‘स्वदेस’मधलं चरणपूर कथेत उत्तर प्रदेशात आहे, चित्रण मात्र वाई परिसरातलं. कृष्णेचा घाट ओळखल्याचा आनंद जरूर घ्या, पण गावातली जात, पाणी, वीज, शाळा यांचे अर्थ कथेतल्या गावावरून लावा. नटाच्या आधीच्या भूमिकांचंही तेच. नेहमी खलनायक करणारा नट दारात उभा राहिला की आपण संशय घेतो, आणि ती शंका संहितेची आहे की आपल्या आठवणीची हे तपासत नाही.

मालिकेत पात्र सुसंगत असेलच अशी अपेक्षा ठेवू नका. लेखक बदलतात, एखादा कलाकार सोडून जातो, कथानक ताणलं जातं. तिथे वेगवेगळ्या महिन्यांतले पाच भाग निवडा आणि कोणती मांडणी पुन्हा पुन्हा येते ते शोधा. माफी दरवेळी कोण मागतं, गुपित कोणापासून लपवतात, स्वयंपाकघरात कोण आणि दिवाणखान्यात कोण. आशय त्या मांडणीत सापडेल.

टिपण

शेवटी प्रत्येक पात्रावर दीडशे ते दोनशे शब्दांचं टिपण लिहा. त्यात एक विधान, त्याला आधार देणाऱ्या तीन जागा पान क्रमांकासकट, आणि विधानाला न जुमानणारी एक जागा तरी हवी. न जुमानणारी जागा सापडतच नसेल तर वही पुन्हा चाळा, बहुधा ‘काय टाळतं’ हा रकाना रिकामा राहिलाय. गटात दोन वाचनं भिडली तर मतदान घेऊ नका. कोणतं वाचन जास्त जागांचा उलगडा करतं ते मोजा. दोन्ही सारखीच टिकली तर तो प्रवेश दोन्ही तऱ्हांनी उभा करून बघा. पहिली सलग तालीम झाली की टिपणं परत काढा, कारण तोवर वेळेसाठी संहितेत काटछाट झालेली असते आणि तुमच्या आधाराच्या जागांपैकी एखादी तिथे गेलेली असू शकते.