ब्रीदर वर नेला, तरी एक्सलमध्ये पाणी शिरलंच? या चुका टाळा

ओढ्यातून गाडी नेल्यावर चार दिवसांनी डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) ड्रेन प्लग उघडावा आणि दूध घातलेल्या कॉफीसारखं ऑइल बाहेर यावं, हे जीप-जिप्सीवाल्यांना नवीन नाही. त्यावर उपाय म्हणून ब्रीदरला, म्हणजे एक्सलमधली हवा बाहेर पडण्यासाठी ठेवलेल्या छोट्या तोंडाला, नळी जोडून ती बॉनेटखाली आणली जाते. काम तासा-दोन तासांचं आहे. पण ते चुकलं, तर मूळ ब्रीदर होता तोच बरा म्हणायची वेळ येते.

आधी पाणी आत का ओढलं जातं ते पाहू. चालून चालून हाउसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) ८० अंशांपर्यंत तापलं आहे आणि गाडी २७ अंशांच्या पाण्यात उतरली, असं धरा. आतली हवा थंड झाली की तिचा दाब साधारण १५ टक्क्यांनी उतरतो. हाउसिंगला श्वास घ्यायला वाट नसेल, तर ही ओढ जवळजवळ दीड मीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी होते. ऑइल सीलची ओठासारखी कड आतलं ऑइल अडवायला बनवलेली असते. आतून दाब आला की ती शाफ्टला घट्ट बसते, बाहेरून आला की उचलली जाते. म्हणजे गाडी गुडघाभर पाण्यात असली तरी पिनियन सीलमधून (प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलला जोडतो तिथलं सील) पाणी आत जाऊ शकतं.

सर्वांत मोठी चूक: जुनी टोपी तशीच ठेवणं

पुष्कळ एक्सलवरच्या ब्रीदरला सैल टोपी किंवा आत छोटी गोळी आणि स्प्रिंग असते. ती आतली हवा बाहेर सोडते, बाहेरची आत घेत नाही. नळी या ब्रीदरच्या पुढे जोडली, किंवा काढलेली टोपी हौसेने नळीच्या वरच्या टोकाला बसवली, तर सगळी मेहनत वाया. ब्रीदर पूर्ण काढा आणि त्याच्या जागी आरपार भोक असलेलं फिटिंग लावा. नळीतून हवा दोन्ही बाजूंना सहज जायला हवी. उंची महत्त्वाची आहेच, पण तिचा नंबर यानंतर.

आटे जुळतात असं वाटतं, पण जुळत नाहीत

न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावरच्या सामानाच्या) दुकानात १/८ बीएसपीचं (ब्रिटिश पाइप आट्यांचं) फिटिंग लगेच मिळतं. एक्सलवर मात्र एम१० × १ चे मेट्रिक आटे असू शकतात. एकाचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी, दुसऱ्याचा १० मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.९०७ आणि १ मिमी. दोन-तीन आटे हाताने बिनतक्रार फिरतात आणि मग अडकतात. तिथे पाना लावून जोर दिला की गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. दुकानात जाताना जुना ब्रीदर सोबत न्या आणि पिच गेज लावून बघा. १/८ एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) तर आणखी वेगळा: टॅपर (निमुळता) आणि इंचाला २७ आटे, बीएसपीला २८.

टेफ्लॉन टेप गुंडाळताना टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा. नाहीतर टेपचा तुकडा भोकावर येऊन बसतो. ब्रीदर उघडण्याआधी त्याच्या भोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढा आणि फडक्याने पुसून घ्या. तिथली वाळू आत पडली तर थेट बेअरिंगपर्यंत जाते.

नळी

गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब स्वस्त मिळते, पण या कामाला वापरू नका. उन्हात आणि उष्णतेत ती आधी मऊ पडते, मग कडक होऊन तडकते. ८ मिमी बाहेरील व्यासाची नायलॉन नळी किंवा ऑइल चालणारी रबरी फ्युएल होज घ्या. आतला व्यास ५-६ मिमी असावा. फार बारीक नळीत ऑइलचा थेंबसुद्धा बूच होऊन बसतो. छोट्या व्हीलबेसच्या गाडीला दोन एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) मिळून ७-८ मीटर लागते. १० मीटर घ्या. आधी गाडीखाली जाऊन बघा, काही गाड्यांना कंपनीनेच नळ्या दिलेल्या असतात.

लांबी मोजताना गाडी जमिनीवर उभी असून चालत नाही. शॅसीखाली जॅक स्टँड लावा, चाकं पूर्ण लोंबू द्या आणि मग मोजा. वर हातभर ढील ठेवा. जमिनीवर बेताची वाटलेली नळी पहिल्याच खड्ड्यात फिटिंगमधून निसटते.

नळी सतत चढती जायला हवी. मध्ये झोळ पडला की त्यात ऑइल आणि ओलावा साचतो आणि वाट बंद होते. सायलेन्सरपासून किमान वीतभर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब ठेवा. केबल टाय करकचून ओढल्यास नायलॉन चेपतं. रबर लावलेल्या क्लिपा बऱ्या.

वरचं टोक

पुढच्या तिन्ही नळ्या फायरवॉलच्या वरच्या भागात, मागची टेल लॅम्पच्या पोकळीत किंवा तीही पुढे. तोंड खाली वळवून टोकाला छोटा ब्राँझचा न्यूमॅटिक सायलेन्सर (हवा जाऊ देणारी सच्छिद्र टोपी) लावा. उघडं टोक ठेवलं तर कुंभारमाशी मातीने ते लिंपून टाकते, आणि उभ्या गाडीत हे आठवडाभरातही होतं. कागदी फ्युएल फिल्टर ऑइलने भिजून कोंदतो. टोक एअर फिल्टरच्या पुढे इनटेकला जोडू नका, तिथे कायम ओढ असते. इंजिनच्या ब्रीदरशीही जोडू नका. सगळ्या नळ्या एकाच मॅनिफोल्डवर आणणं दिसायला छान, पण तो तुंबला की चारही हाउसिंग एकदम कोंडतात. वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

बसवल्यावर बिघाड दिसला तर

पिनियन सील अचानक गळायला लागलं, तर सील बदलण्याआधी नळी तपासा. कोंडलेला दाब बऱ्याचदा तिथूनच वाट काढतो. एक्सलकडून नळी सोडवून तोंडाने फुंका. बसवलेल्या नळीत कंप्रेसर अजिबात लावू नका, सील बाहेर येतील. नळीतून ऑइल वर येत असेल, तर बहुधा ते जास्त भरलं आहे. गाडी सपाट जागी उभी करा आणि ऑइल फिलर प्लगच्या काठापर्यंत आणा.

काम नीट झालं का, याची एक सोपी परीक्षा आहे. १५-२० किमी चालवून आल्यावर नळीच्या टोकाचा सायलेन्सर काढा आणि बोटाने तिथे साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. दुसऱ्याला गरम डिफरन्शियलवर बादलीभर गार पाणी ओतायला सांगा. पडदा आतल्या बाजूला खेचला जाऊन फुटला, तर एक्सल नळीतून श्वास घेतोय. पडदा जागेवरच राहिला, तर वाट कुठेतरी बंद आहे.

जुनाट सील आणि खाचा पडलेला शाफ्ट यांना ब्रीदरचा उपयोग नाही. म्हणून खोल पाण्यातून आल्यावर गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी जमतं. सकाळी गाडी हलवण्याआधी ड्रेन प्लग सैल करा आणि पहिले चार-सहा थेंब वाटीत घ्या. पाणी किंवा पांढुरकं ऑइल दिसलं, तर सगळं काढून नवं भरा, १०-१५ किमी चालवा आणि तेही बदला. डिझेल भरून गाडी चालवत धुण्याच्या फंदात पडू नका, गिअरच्या दातांना तेवढं वंगण पुरत नाही.