महिला सरपंचांबद्दल गावात काय विचारावं?

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी पहिल्यांदाच गावात उतरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. विषय आरक्षणातून आलेल्या महिला सरपंचांचा असेल, तर "बाईनं सरपंच व्हावं का?" असं सुरुवातीलाच विचारू नका. पारावर उत्तर तयार असतं: "आरक्षण पडलं म्हणून उभी केली. कारभार मालकच बघतात."

त्याच पारावर मी पुढे विचारलं, नळाला पाणी आलं नाही तर कुणाला सांगता? "बाईंना फोन लावतो." वरच्या आळीला पाणी चढत नव्हतं तेव्हा बाई ग्रामसेवकाला घेऊन स्वतः टाकीपर्यंत गेल्या, हेही त्याच माणसानं कौतुकानं सांगितलं. दोन्ही उत्तरं खरी आहेत, दोन्ही लिहून घ्या.

अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये ही तफावत मोजली. २००९चा तो शोधनिबंध गावात जाण्याआधी वाचाच. प्रधानाचं (तिथे सरपंचाला प्रधान म्हणतात) एकच भाषण काहींना पुरुषाच्या, काहींना बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे प्रधानपद कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांना बाईचा आवाज कमी कर्तबगार वाटला. बाईचा कारभार पाहिलेल्या गावांत हा भेद उरला नाही. नेता पुरुषच हवा, ही आवड मात्र तशीच राहिली. म्हणून "आवडेल का" आणि "काम कसं केलं" हे प्रश्न वेगळे ठेवा.

महाराष्ट्रात २०११पासून निम्म्या जागा महिलांना आहेत, पण सोडतीत आरक्षण फिरतं. जागा खुली झाल्यावर याच बाईंना मत द्याल का, हे जरूर विचारा. माझ्या मते सगळ्यात बोलका प्रश्न हाच.

सरपंचांच्या घरी गेलात की बहुधा यजमान समोर बसतात आणि तेच बोलतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, त्या दिवशी जा. बायका तिथे मोकळेपणी बोलतात.

कागदपत्रंही सोडू नका. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जमिनीवरच्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला आणि बाईच्या हाती कारभार जाणं गावकऱ्यांना पचलं नसल्याचं नोंदवलं. तुमच्या तालुक्यातही अपात्रतेचे अर्ज आणि अविश्वास ठराव असतील. तक्रार कुणी केली, निवडणुकीनंतर किती दिवसांनी केली, तारखांसह उतरवून घ्या.