एन-४०० भरण्याआधी जुने पासपोर्ट काढून बसा

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज (फॉर्म एन-४००) भरताना आपल्या लोकांचं घोडं अडतं ते प्रवासाच्या तारखांवर. गेल्या ५ वर्षांतली (अमेरिकन जोडीदारामुळे अर्ज करत असाल तर ३) २४ तासांपेक्षा मोठी प्रत्येक परदेशफेरी लिहावी लागते.

नणंदेचा अर्ज भरायला आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचे दोन्ही पासपोर्ट उघडले. मुंबईचे शिक्के एकावर एक, पुसटलेले. शेवटी तिकिटांचे जुने ईमेल शोधून तारखा जुळवल्या. तेव्हा लक्षात आलं, आईच्या आजारपणात ती सलग सात महिने साताऱ्याला होती. ६ महिन्यांहून मोठी फेरी झाली, की अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं. ते तुटलं नाही हे आपणच दाखवायचं: घराचा भाडेकरार, टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा. असं काही असेल तर कृपा करून आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, मगच अर्ज पाठवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर सेवाभावी संस्थांमध्ये न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी असतात, तेही चालतात. नुसता नोटरी मात्र अमेरिकेत वकील नसतो.

माहेरचं नाव, सासरचं नाव, वापरलेलं प्रत्येक नाव अर्जात द्या. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा, आणि ते अचूक असल्याचं व ते करण्याइतकी भाषा येत असल्याचं भाषांतरकाराकडून सहीनिशी लिहून घ्या.