पहिलं वर्ष: कॉट, खाडा, हजेरी आणि आधार

बारावी झाली की बीड, जालना, हिंगोली, परभणीकडची मुलंमुली छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरला शिकायला येतात. त्यांचं पहिलं सत्र बहुतेकदा अगदी साध्या गोष्टींपायी हातचं जातं. बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं, हजेरीचा हिशेब कुणी मांडलेला नसतो, इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जात असतं. हे सगळं पहिल्या दीड महिन्यात मार्गी लावता येतं.

आधी राहण्याचं

वसतिगृहाची यादी लागेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून बरेच जण कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, रूम घेतात. संभाजीनगरात रूम बघताना भाड्याच्या आधी पाण्याचं विचारा: नळाला किती दिवसांनी पाणी येतं, टाकी केवढी आहे, टँकर मागवला तर पैसे कोण देतं? लाईटबिल भाड्यात धरलंय की वेगळा मीटर आहे, आणि डिपॉझिट परत मिळण्यासाठी किती दिवस आधी सांगावं लागतं, तेही विचारून घ्या. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावती मिळत नसेल तर पैसे ऑनलाइन पाठवा, म्हणजे नोंद राहते.

मेसचे पूर्ण महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-तीन दिवस सुटं ताट घेऊन जेवून बघा. खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे, कसा धरतात हे पहिल्याच दिवशी विचारा. पुष्कळ ठिकाणी सलग काही दिवस गैरहजर असाल आणि आधी सांगितलं असेल, तरच खाडा कापतात. न सांगता गावाकडे गेलात तर ते पैसे गेले.

शिष्यवृत्ती अडते कुठे

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, अर्ज भरणं सोपं आहे. अडतं ते नंतर. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला तपासला जातो, मग संबंधित विभागाकडे जातो. त्रुटी निघाली तर तो परत येतो आणि मेसेज अर्जातल्या मोबाईलवर जातो. तो नंबर गावातल्या नेटकॅफेवाल्याचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असला, तर तुम्हाला पत्ताच लागत नाही. म्हणून स्वतःचा नंबर द्या, आणि दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कुठे आहे ते बघा.

दुसरी अडचण खात्याची. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं गेलं, असं होत नाही. केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, वेगळी आणि डीबीटीसाठीचं सीडिंग, म्हणजे खात्याला आधार जोडणं, वेगळं. पैसे जातात ते सगळ्यात शेवटी ज्या खात्याला सीडिंग झालंय त्या खात्यात. अनेकदा ते शाळेत असताना उघडलेलं असतं आणि व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे चालू खात्याची बँक दिसली नाही, तर शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा. अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो हेही ध्यानात ठेवा.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. शब्दांची मागेपुढे जागा एकवेळ चालते. स्पेलिंगमधला फरक मात्र एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर) काढताना आणि परीक्षेच्या फॉर्मला नडतो. दिवाळीआधीच आधार केंद्रावर जाऊन तो दुरुस्त करा. टीसी आणि मूळ कागद कॉलेजात जमा करण्याआधी सगळ्याचे स्वच्छ स्कॅन काढून ठेवा.

हजेरीचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात; थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. दोन क्रेडिटच्या विषयाचे ३० तास होतात. ७५ टक्के हजेरी हवी असेल तर जास्तीत जास्त सात तास चुकवता येतात. पोळा, महालक्ष्म्या, दसरा याच सत्रात येतात. प्रत्येक सणाला दोन दिवस जास्त राहिलात की हे सात तास तिथेच संपतात, आणि ताप आला तर हाताशी एकही उरत नाही. महालक्ष्म्यांना घरी जरूर जा, पण दर शनिवारी एसटी धरू नका. पहिले तीन-चार आठवडे सलग शहरात राहिलं की जीव रमायला लागतो. दर आठवड्याला गेलं की दर सोमवारी नव्याने उदास वाटतं.

मराठी माध्यमातून इंग्रजीत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विज्ञान शाखेत मराठी माध्यमाचा विद्यार्थी अडतो तो बहुतेकदा शब्दांपाशी. संकल्पना त्याने दहावीपर्यंत शिकलेली असते: ऑस्मॉसिस म्हणजे परासरण, इनर्शिया म्हणजे जडत्व. पण लेक्चरमध्ये तो शब्द कानावर पडला की तो तिथेच थबकतो आणि पुढची दोन वाक्यं निसटतात.

यासाठी दोनशे पानी वही घ्या. उद्याच्या विषयाची शीर्षकं आदल्या रात्री १५ मिनिटं चाळा आणि आठ-दहा शब्द निवडा. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर मराठी शब्द आणि त्याखाली स्वतःच्या बोलीतलं एक वाक्य लिहा. परासरणासाठी ‘मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात’ एवढं पुरे. वर्गात नवा शब्द आला तर ऐकू आला तसा देवनागरीतच लिहा, स्पेलिंगसाठी थांबू नका. त्याच संध्याकाळी पुस्तकातून स्पेलिंग दुरुस्त करा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की तो शब्द काय होता हेच आठवत नाही. सहा आठवड्यांत दोनशेच्या वर शब्द होतात, आणि एका विषयाची सुरुवातीची प्रकरणं तेवढ्यावर निघतात.

गाईड पाठ करण्याच्या फंदात पडू नका. प्रश्न थोडा फिरवून विचारला की पाठांतर तिथेच संपतं. कला-वाणिज्य शाखेत उत्तरं मराठीतून लिहायची असतील, तर परवानगी आहे का ते विभागात विचारा आणि परीक्षेच्या फॉर्मवर माध्यम नीट भरा.

पुस्तकं आधी ग्रंथालयातून आणा. पहिल्याच आठवड्यात कार्ड काढलं तर प्रती मिळतात. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तेव्हा खिशात थोडे पैसे राखून ठेवा.

रॅगिंगचा त्रास झाला तर सीनियर काय म्हणतील याची वाट बघू नका: १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. झोप उडाली, जेवण जाईना, रडू थांबेना असं दोन आठवडे चाललं, तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.