अवजड यंत्र ट्रॉलीवर चढवण्यापूर्वी

घरच्या वर्कशॉपमधले लेथ (धातू कातण्याचे यंत्र) किंवा खांबाचे ड्रिल मशीन चाकांच्या सपाट ट्रॉलीवरून हलवायचे असेल, तर पहिली पाहणी यंत्राची नव्हे, जमिनीची करावी. तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तिच्यावर घातलेला कोबा तडकतो आणि शहाबादी फरशीचे सांधे वर-खाली होतात. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत हे सर्रास दिसते. म्हणून सगळी वाट झाडून घ्यावी, कारण चाकाखाली आलेला एखादा नटही ट्रॉली जागीच अडवतो आणि वरचे वजन मात्र पुढे जाऊ पाहते. तड्यांवर आणि उंबरठ्यावर जाड प्लायवुड टाकून ते सरकणार नाही याची खात्री करावी.

चाके निवडताना हात आखडता घेऊ नये. चार चाके असली तरी ओबडधोबड जमिनीवर त्यांतले एक अधांतरी राहते, म्हणून यंत्र आणि ट्रॉली यांच्या एकूण वजनाला तीनने भागावे. 300 किलो भरत असतील, तर प्रत्येक चाक किमान 100 किलो पेलणारे हवे. 50 मिलिमीटर व्यासाची चाके सांध्यात रुततात, 100 ते 125 मिलिमीटरची सहज पार होतात, मात्र त्यांनी ट्रॉलीची उंची वाढते आणि तोल तेवढा नाजूक होतो. दोन चाके स्थिर आणि दोन फिरती, ब्रेकची, ही जोडणी मला सर्वांत भरवशाची वाटते.

त्यानंतर यंत्राकडे वळावे. मेन स्विच बंद करून वायर सोडवावी, आणि थ्री-फेज मोटर असेल तर तिन्ही वायरींना खुणा कराव्यात, नाहीतर पुन्हा जोडताना मोटर उलटी फिरू शकते. लेथचे वजन हेडस्टॉककडे, म्हणजे काम फिरवणाऱ्या टोकाकडे, एकवटलेले असते, म्हणून टेलस्टॉक (कामाला समोरून आधार देणारा भाग) आणि कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) दुसऱ्या टोकाला नेऊन घट्ट करावेत. ड्रिलचे टेबल शक्य तितके खाली आणावे. हलवायचा कॉम्प्रेसर असेल, तर त्याच्या टाकीतली हवा सोडून द्यावी.

ट्रॉलीला ब्रेक लावून चाकांना पाचरी माराव्यात. पहारीने यंत्राची एक बाजू जेमतेम उचलावी आणि खाली लाकडी ठोकळा सारावा, तोही काठीने ढकलून. बोटे तिथे कदापि नेऊ नयेत. मदतनिसांनी चपला नव्हे, बूट घालावेत, खांद्यावरचा रुमाल बाजूला ठेवावा आणि सूचना एकानेच द्याव्यात. उतार असेल तर खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. नव्या जागेवरचे ठोकळे मात्र यंत्र हलण्याआधीच मांडून ठेवावेत.