हृदयाच्या ऑपरेशननंतर लेकराला पळू द्यावं का? किती, कसं आणि कधीपासून

"पळू नको, तुझं ऑपरेशन झालंय." जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेल्या लेकराला हे घरी आज्जी सांगते, शाळेत बाई सांगतात आणि खेळाच्या तासाला सर त्याला झाडाखाली बसवतात. सगळ्यांची त्यामागे मायाच असते. पण वर्षानुवर्षं बसवून ठेवलेल्या लेकराच्या पायात ताकद उरत नाही, चार पावलं पळालं की धाप लागते, आणि घरचे म्हणतात, "बघा, हृदय अजून कमजोरच आहे." ऑपरेशन नीट झालेल्या बहुतेक मुलांना खेळणं चालतं, किंबहुना ते गरजेचं असतं. फक्त ते मापात वाढवावं लागतं.

मराठवाड्यात अडचण वेगळीच आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, हृदयाला छिद्र असलेली लेकरं सापडतात, ऑपरेशनही होतं. ते होतं मोठ्या शहरात. लेकरू परत येतं हिंगोलीच्या किंवा बीडच्या एखाद्या खेड्यात. तिथं पुढचं सांगायला जवळ कोणी नसतं.

आधी डिस्चार्ज कार्ड समजून घ्या

'हृदयाचं ऑपरेशन' एवढ्यावर काहीच ठरत नाही. छिद्र लहानपणीच बंद झालं असेल आणि फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेला नसेल, तर अशा मुलाची दमसास बहुधा बरोबरीच्या मुलांइतकीच होते. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' म्हणजे ओठ-नखं निळी पडणाऱ्या मुलांचा दोष. त्याची पहिली संपूर्ण दुरुस्ती 1954 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात झाली. त्या ऑपरेशननंतर मोठ्या झालेल्या रुग्णांमध्ये डॉक्टरांना एक गोष्ट दिसली: फुप्फुसाकडे जाणारी झडप बऱ्याचदा गळत राहते आणि उजवा कप्पा हळूहळू फुगतो. लेकरू मजेत दिसत असलं तरी नियमित तपासणी लागते, ती यासाठीच. हृदयाचा एकच कप्पा नीट पंप करणाऱ्या मुलांवर होणारं फॉन्टन ऑपरेशन झालेल्यांचं गणित आणखी निराळं. त्यांच्यात अशुद्ध रक्त पंपाविना थेट फुप्फुसांत जातं, त्यामुळे दम लवकर लागतो. पण पायाचे स्नायू आवळले की तेच रक्त वर ढकलतात, म्हणून या मुलांचे पाय बळकट करणं फार मोलाचं.

डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून मागा: काही गळती किंवा अडथळा उरला आहे का, ठोके अनियमित होतात का, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस, आणि कोणते खेळ बंद.

नुसत्या इकोवर थांबू नका

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो लेकरू पलंगावर आडवं असताना. पंपिंग 60 टक्के आलं की आपण निर्धास्त होतो. पण पळताना काय होतं, हे त्यात कळत नाही. काहींचे ठोके श्रमाबरोबर वाढायला हवेत तेवढे वाढतच नाहीत, आणि तिथंच दम संपतो. ट्रेडमिलवर नीट चालण्याइतकं मूल मोठं झालं की डॉक्टरांना श्रमचाचणीबद्दल विचारा. सहा मिनिटांत किती अंतर चाललं, ही चाचणी तर साध्या व्हरांड्यातही होते.

पहिले सहा ते आठ आठवडे

छातीचं हाड कापलं असेल तर ते जुळायला एवढा वेळ लागतोच. तान्ह्याला काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. मोठ्या मुलाला हाताला धरून ओढू नका. सायकल, दप्तर, पाण्याची कळशी, झाडावर चढणं बंद. घरात-अंगणात चालणं मात्र डॉक्टरांच्या परवानगीनं लगेच सुरू. मांडीतून नळी घालून छिद्र बंद केलं असेल तर हाड कापलेलं नसतं, तरी धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टर सांगतील तितके दिवस नकोच.

मग चालणं, आणि हळूहळू पळणं

सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. आठवडाभर ते सहज जमलं की दोन-तीन मिनिटं वाढवा. वेग ओळखायची खूण सोपी: चालताना लेकराला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. नाडी बघायची असेल तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं हलकेच टेकवा, तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा. चालण्याआधी, लगेच नंतर आणि दहा मिनिटांनी असे तीन आकडे वहीत मांडा. ही वही डॉक्टरांना दाखवा. तिच्यातून त्यांना बरंच कळतं.

वेळ सकाळी लवकरची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारचा खेळ निरोगी लेकरालाही झेपत नाही. फॉन्टनवाल्या किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या मुलांना पाणी कमी पडणं जास्त बाधतं. त्यांनी किती पाणी प्यावं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

शाळेतले खेळ

लंगडी, लपंडाव, खो-खो, सायकल हे बहुतेकांना परवानगीनंतर चालतं. लेकरू दमलं की आपणहून बसतं; बसू द्या, "अजून एक फेरी" म्हणून कोणी टोचू नये. रक्त पातळ करायची गोळी किंवा पेसमेकर असेल तर कबड्डी-कुस्ती नको. महाधमनी अरुंद किंवा फुगलेली असेल तर तालमीत श्वास रोखून जड वजन उचलणं टाळा. डॉक्टरांची चिठ्ठी सरांना द्या, आणि त्यात काय करू नये याबरोबर काय करावं हेही लिहून घ्या. नाहीतर लेकरू पुन्हा झाडाखालीच बसेल.

खेळताना भोवळ आली, छातीत दुखलं, एकदम धडधड सुरू झाली किंवा ओठ निळे पडले, तर खेळ तिथंच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुद्ध हरपली तर 108 ला फोन. तपासणी होईपर्यंत पुन्हा मैदानात सोडू नका.

फाईल सांभाळा

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दिवाळीच्या सुमारास निघण्याआधीच तपासणी उरकून घ्यावी आणि सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. मुलगी असेल तर तिचं ऑपरेशन सासरी लपवू नका. फाईल तिच्याबरोबर द्या, कारण मूल होऊ देण्याआधी तिला हृदयतज्ज्ञांना दाखवावं लागेल.